बदलून मिळालेला फोन सिक्युरिटी कोड मागतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

अण्णांचा (वडिलांचा) कीपॅडचा फोन चार्जिंग घेईना, म्हणून वॉरंटीत सर्व्हिस सेंटरला दिला होता. त्यांनी तो दुरुस्त न करता त्याच मॉडेलचा दुसरा हातात ठेवला. सोबत ना खोकं, ना माहितीपुस्तिका. अण्णांचं सिम घालून चालू केला की पडद्यावर ‘सिक्युरिटी कोड टाका’ एवढंच येतं. सेंटरवाले म्हणतात, तुमच्या सिमचा कोड असेल.

सिमचा नाही. तेच सिम माझ्या फोनमध्ये काहीही न विचारता चालतं. उलट हा फोन सिम काढून चालू केला तर सरळ मेनू उघडतो, सिम घातलं की अडतो. जुन्या नोकियात ‘अनोळखी सिम घातलं तर कोड विचार’ अशी सोय असायची, तसंच काहीतरी वाटतंय. म्हणजे हा फोन आधी कुणीतरी वापरलेला असणार. मेनूतून रीसेट करायला गेलं तर तिथेही तोच कोड मागतो. १२३४५, १२३४, ०००० चालले नाहीत.

त्या नंबरवर पेन्शनच्या बँकेचे ओटीपी येतात, गॅसचं बुकिंगही त्यावरूनच होतं. तात्पुरता माझा जुना टचस्क्रीन दिलाय, पण अण्णांना नीट दिसत नाही. ५ च्या बटणावरचा उंचवटा अंगठ्याने चाचपून ते नंबर लावतात. गुळगुळीत काचेवर ते कसं जमणार? त्यामुळे हाच फोन चालू होणं गरजेचं आहे.

कोपऱ्यावरचा मोबाईलवाला ‘सॉफ्टवेअर मारून देतो’ म्हणतोय. द्यावा का? की त्याने वॉरंटी जाईल? जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद:
बाहेर अजिबात देऊ नका. स्वस्त कीपॅड फोनला सॉफ्टवेअर मारताना कधीकधी आयएमईआय (प्रत्येक हँडसेटचा स्वतःचा ओळख क्रमांक) उडतो, आणि मग सेंटरवाले हात वर करतात. कोड काढणं हे त्यांचंच काम आहे, त्यांच्याकडे अधिकृत सॉफ्टवेअर असतं.

त्याआधी आयएमईआय तपासा. सिम काढून *#०६# दाबा, पंधरा आकडे दिसतील (दोन सिमचा फोन असेल तर दोन नंबर). तेच आकडे बॅटरीखालच्या स्टिकरवर आणि जॉबशीटवर (सेंटरने दिलेल्या दुरुस्तीच्या कागदावर) हवेत. मग कुठल्याही चालू फोनवरून इंग्रजी अक्षरांत केवायएम, मोकळी जागा आणि आयएमईआय असा मेसेज १४४२२ वर पाठवा. हँडसेट काळ्या यादीत असेल तर कळेल. वापरलेला फोन असल्याचा संशय आहे, तर हे आधी.

कोडचे अंदाज आता थांबवा. नोकियात पाच वेळा चुकलं की पाच मिनिटं बरोबर कोडसुद्धा घेत नाही. आणि पडद्यावर काय मागतोय ते दरवेळी वाचा. पिन (सिमचा कोड) मागितला आणि तो तीनदा चुकला तर सिम लॉक होतं, मग ते उघडायला पीयूके हा आठ आकडी कोड लागतो. तो ओळखपत्र दाखवून सिम कंपनीकडून मिळतो, पण तोही दहादा चुकला तर सिम कायमचं जातं. ही मोजणी सिमच्या चिपमध्येच होते, हँडसेट बदलून सुटका नाही. अण्णांचं सगळं त्या नंबरवर आहे म्हणून मुद्दाम सांगतोय.

आयएमईआय आणि पैसे घेऊन कोड देणाऱ्या वेबसाइटच्या नादी लागू नका.

धागाकर्ता:
मनापासून आभार. पडद्यावरचे आणि स्टिकरवरचे आकडे जुळले, १४४२२ वरूनही अडचण दिसली नाही. पण जॉबशीटवर अजून जुन्याच फोनचा आयएमईआय आहे! तो बदलून शिक्का मारून घेतो आणि कोड त्यांच्याकडूनच काढून घेतो. टाळाटाळ केली तर ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार करायची म्हणतोय. तिथे तक्रार केलेलं कुणी आहे का इथे? बिलाशिवाय आणखी कुठली कागदपत्रं मागतात?