मदत हवी आहे: नागपूरचा पसारा रस्त्यांच्या जोडणीवरून मोजतेय, पण आकडे म्हणतात महाल सगळ्यात वाईट!

स्कूटी_मानेवाडा

नमस्कार मंडळी. नगररचनेचा प्रबंध आहे, दोन महिने उरलेत आणि मी अडकलेय. नकाशांशी खेळणारी मंडळी इथे बरीच आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

शहर किती पसरलं हे नुसत्या क्षेत्रफळावरून कळत नाही. रस्ते एकमेकांना कसे जुळलेत तेही बघावं लागतं. रीत सोपी आहे. चौकात ४ रस्ते मिळतात, टी पॉइंटला ३, बंद गल्लीच्या टोकाला १. सगळ्यांची सरासरी काढायची. सरासरी कमी म्हणजे शहर तुटक, आणि तुटक शहरात दुधाच्या पिशवीलाही गाडी काढावी लागते. बॅरिंग्टन-ली आणि मिलार्ड-बॉल या दोघांनी २०१५ मध्ये अमेरिकेचा शतकभराचा हिशेब असाच मांडला. तिथला तुटकपणा १९९४ च्या सुमारास शिगेला पोचला आणि नंतर उतरू लागला, असं त्यात निघालं. २०२० मध्ये त्यांनी ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावरून सगळ्या जगाचं केलं. म्हटलं, आपण नागपूरचं करू.

मी काय केलं: ओएसएमएनएक्सने, म्हणजे त्या नकाशातलं रस्त्यांचं जाळं काढून देणाऱ्या कोडने, आजचे रस्ते उतरवले. जीएचएसएल म्हणजे उपग्रहचित्रांवरून केलेला जगभरच्या बांधकामाचा नकाशा, त्याच्या थरावरून १९७५, १९९०, २००० आणि २०१४ पर्यंत बांधलेला भाग वेगळा काढला. त्या त्या काळाच्या तुकड्यात रस्ते कापले आणि प्रत्येक तुकड्याची सरासरी काढली.

निकाल असा की महाल-इतवारी हा जुन्या शहराचा भाग सगळ्यात तुटक आणि बेसा-मनीषनगर ही नवी वस्ती बऱ्यापैकी जोडलेली! गाईडनी तक्ता पाहिला, चष्मा काढला आणि म्हणाले, "महालात माणूस वाट चुकेल, पण अडकेल का?"

आता माझ्या घरचंच सांगते. माझी मावशी मागच्याच लेआऊटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून झालेल्या वस्तीत, राहते. आमच्या गच्चीवरून तिच्या गच्चीवरचे पापड दिसतात. मध्ये दोन्ही लेआऊटची मिळून एक भिंत आहे. गाडीने जायचं तर आधी मेन रोड, मग पेट्रोल पंपावरून वळसा, मग त्यांचं गेट. स्कूटीचा काटा सव्वा किलोमीटर दाखवतो. भिंतीला एका ठिकाणी कुणीतरी चार विटा काढल्यात आणि दोन्ही बाजूंना एकेक दगड लावलाय. आई साडी खोचून तिथूनच जाते. आणि माझा आकडा म्हणतो की हा भाग छान जोडलेला आहे.

कोड चुकलाय की रीतच चुकतेय? आणि जुने रस्ते नेमके कधीचे, हे कळायला जीएचएसएलपेक्षा बरं काही आहे का?

नाग_नदीकाठ

कोड चुकलाय. निदान एक चूक तर नक्कीच आहे. तुम्ही आधी रस्ते कापले आणि मग मोजलं. १९७५ च्या हद्दीवर जो रस्ता तुटला, त्याचं टोक १ म्हणून मोजलं गेलं. असा रस्ता तिथे संपत नाही, तुमच्या कात्रीने संपवलाय. महालाचा तुकडा लहान आणि त्याला कडा जास्त, म्हणून मार त्यालाच जास्त बसला.

आधी सगळ्या शहराचा, बाहेरची थोडी गावं धरून, एकच ग्राफ (रस्त्यांचं जाळं) करा. प्रत्येक नोडला, म्हणजे चौकाला किंवा टोकाला, किती रस्ते मिळतात ते त्यावर मोजा आणि मगच नोडला काळ चिकटवा. ओएसएमएनएक्स हद्दीबाहेर ५०० मीटरची पट्टी धरून street_count, म्हणजे नोडला मिळणाऱ्या रस्त्यांचा आकडा, आधीच काढून ठेवतो. तोच वापरा, कापल्यावर पुन्हा मोजू नका.

दुसरं, डिव्हायडरचे रस्ते. वर्धा रोडसारखा रस्ता नकाशावर दोन रेघांचा असतो. तसे दोन रस्ते छेदले की एका चौकाचे चार नोड होतात. जवळचे नोड एकत्र करून घ्या. दहा-पंधरा मीटरपासून सुरुवात करा आणि निकाल डोळ्यांनी तपासा, नाहीतर महालातले खरे वेगळे टी पॉइंटही एकमेकांत विरघळतील.

जुना_ट्रेसर

बेटा, कोड मला समजत नाही, पण लेआऊट मी हाताने ट्रेस केलेत. तुझी भिंत कुठून आली ते सांगतो.

इथे शहर शेताशेताने वाढलं. एका खसऱ्याचा (सर्व्हे नंबरच्या शेताचा) मालक विकतो, घेणारा त्याच शेताचा लेआऊट पाडतो. आत नऊ मीटरचे रस्ते अगदी गुण्याने काटकोनात. शेजारच्या शेताचा लेआऊट सहा वर्षांनी दुसरा कोणी पाडतो. त्याचे रस्ते याच्या रस्त्यांसमोर कशाला येतील? आले, तरी मध्ये प्लॉट विकलेला असतो. नासुप्र, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यास, १९३६ ची, तिने स्वतः आखलेल्या योजनांमध्ये रस्ता रस्त्याला मिळतो. पुढे जे खाजगी लेआऊट झाले आणि २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमित करायला आले, ते '५७२ लेआऊट' आणि '१९०० लेआऊट' अशा नावांनी आजही ओळखले जातात. तिथे आधी घरं, मग नकाशा.

आता कागद घे. तीन रस्ते उभे, तीन आडवे, भोवती भिंत, एकच गेट. पहिल्या प्रकारात कडेचे रस्ते भिंतीलगत गोल फिरतात. मधला चौक ४ चा. बाजूंचे चार टी पॉइंट ३-३ चे, त्यातल्या एकाला गेटचा रस्ता लागला म्हणून तो ४ चा. कोपरे नुसते वळण, ते मोजायचेच नाहीत. सरासरी ३.४. दुसऱ्या प्रकारात तेच सहा रस्ते थेट भिंतीला जाऊन आपटतात. नऊ चौक ४ चे आणि बंद टोकं अकरा. सरासरी २.३५. भिंत तीच, गेट तेच, आईची साडी तितकीच खोचलेली! तुझा आकडा लेआऊटच्या आतलं बघतो, लेआऊट शेजाऱ्याशी बोलतो का ते बघत नाही.

स्कूटी_मानेवाडा

काका, हे वाचून मी गच्चीवर जाऊन आमच्या लेआऊटचे रस्ते मोजून आले. पहिला प्रकार! म्हणूनच आम्ही "छान".

नदीकाठ, तुम्ही म्हणता तसं सगळं पुन्हा चालवलं. महाल वर आलं, पण बेसा अजून पास होतंय. म्हणजे सरासरी सोडून दुसरं माप हवं.

नाग_नदीकाठ

वळसा मोजा. सरळ रेषेत ५०० मीटरच्या आतल्या नोडच्या जोड्या घ्या. सगळ्यांचं रस्त्याने होणारं अंतर मिळवा आणि सरळ अंतरांच्या बेरजेने भागा. १ च्या जवळ आलं की जोडणी उत्तम. मावशीसारख्या जोड्या हा आकडा वर खेचतील. २०२० च्या कामातला निर्देशांकही नुसत्या सरासरीवर नाही. त्यात वळसा आहे, रस्त्याची नागमोड आहे आणि जाळं किती झाडासारखं फाटे फुटत जातं तेही आहे.

एक सांभाळा. सोनेगावचा विमानतळ, अजनीचं रेल्वे यार्ड, अंबाझरी, फुटाळा आणि सगळे नाले यांनी पडणारा वळसा लेआऊटवाल्यांच्या खात्यावर टाकू नका. ज्या जोडीची सरळ रेषा यांना छेदते ती वेगळी ठेवा.

पुणेकर_पण_वऱ्हाडी

छोटीशी गोष्ट. कोड पुण्याच्या कुणाकडून घेतला असेल तर त्यात यूटीएमचा, म्हणजे अंतरं मीटरमध्ये मोजायच्या नकाशा-पद्धतीचा, पट्टा ४३ असेल. नागपूर ७९ रेखांशावर, म्हणजे ४४ मध्ये. वळशाच्या गुणोत्तराला त्याने फारसा फरक पडत नाही, पण परीक्षक नेमकं तेच पकडतात. माझं पकडलं होतं.

जुना_ट्रेसर

रस्ते कधीचे, ते राहिलंच. तुझा थर घर कधी दिसलं ते सांगतो. आपल्याकडे लेआऊट पडतो, चुन्याच्या रेघा मारतात, प्लॉट विकतात आणि पुढची पंधरा वर्षं तिथे म्हशी चरतात. रस्ता आधीचा, घर नंतरचं. उलटही होतं, जुन्या गावठाणात घरं आधीची. त्यामुळे थोडे नमुने निवड आणि मंजुरीच्या नकाशावरची तारीख बघ. सगळ्या शहराचं नको, म्हातारी होशील.

त्याआधीच्या काळासाठी सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाची ५५ ओ/४ ही शीट. पश्चिमेकडचा भाग ५५ के/१६ वर जातो.

नाग_नदीकाठ

काकांच्या यादीत भर: अमेरिकेच्या कोरोना या हेर उपग्रहांची चित्रं, १९६० ते १९७२ ची, अमेरिकेने १९९५ मध्ये खुली केलेली. चांगल्या चित्रात गल्ल्यासुद्धा ओळखू येतात. लँडसॅट उपग्रहाच्या चित्रातल्या ३० मीटरच्या चौकोनात नऊ मीटरचा रस्ता दिसणार नाही, तिथे वेळ घालवू नका.

स्कूटी_मानेवाडा

मंजुरीच्या नकाशासाठी एका कार्यालयात तीन चकरा झाल्या. "साहेब साइटवर गेले" हेच उत्तर. चौथी सोमवारी. तोवर बारा लेआऊट निवडते, सहा आखीव योजनांमधले आणि सहा शेतांचे.

शेवटचा प्रश्न. महालातले बोळ ओपनस्ट्रीटमॅपवर अर्धवट आहेत. वाड्याच्या मागच्या दाराने पलीकडच्या गल्लीत निघता येतं, ते नकाशावर बंद दिसतं. आणि माझ्या भिंतीतलं भोक? ते पायवाट म्हणून टाकायचं का?

नाग_नदीकाठ

बोळ सार्वजनिक असेल तर नक्की टाका. वाडा खाजगी असेल तर नको. भोक मात्र टाकू नका. उद्या कुणी विटा लावल्या की नकाशा खोटा पडेल. गाडीचा आणि पायी चालण्याचा असे दोन ग्राफ करा, आणि पायी ग्राफ भोकासह आणि भोकाविना दोनदा चालवा. तेवढ्याने वळसा किती कमी होतो, तोच आकडा प्रबंधात घाला.

जुना_ट्रेसर

रविवारी सकाळी साडेसहाला बडकस चौकात ये. मी पायी चालतो, तू फोनवर रेघ ओढ. आठ वाजता तर्री-पोहे, पैसे तू द्यायचे.

स्कूटी_मानेवाडा

येते काका. आईलाही आणते, भिंतीवरून यायची सवय आहे तिला.