बर्फावर शिडाची होडी वाऱ्यापेक्षा चौपट पळते म्हणे, खरंय का?

नांदेडचा_मामा
नमस्कार मंडळी. भाचा एमएसला विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला गेलाय. तिकडं हिवाळ्यात तळं गोठलं की त्यावर शिडाच्या होड्या पळवतात म्हणे, ह्यालाही कुणीतरी नादाला लावलंय. काल फोनवर सांगायलाय, मामा, वारा ताशी पंधरा-वीस किलोमीटर आणि होडी साठ-सत्तरनं. मी म्हणलं फेकू नको. अरे वाऱ्यानंच ढकलायचं तर होडी वाऱ्याच्या पुढं जाईलच कशी, पुढं गेली की शीड उलटं फुगायला पाहिजे ना? त्याला काय नीट समजावून सांगता येईना. दुसरं म्हणजे आमच्या ताईला, त्याच्या आईला, अजून ह्यातलं काहीच माहीत नाही, गोठलेल्या तळ्यावरून पोरं चालत जातात एवढं ऐकलं तरी तिचा बीपी वाढलता. आपल्याला विष्णुपुरीच्या पाण्यात डिसेंबरात पहाटे हात घातला की बोटं आखडतात एवढाच गारठा ठाऊक. तर हा वेगाचा हिशोब खरा आहे का आणि बर्फ फुटायचा धोका किती, कुणाला माहिती असंल तर सांगा.

फिजिक्सवाले_सर
मामा, भाचा फेकत नाही. वाऱ्याची पाठ धरून सरळ पळालं तर तुमचंच बरोबर, वाऱ्याच्या पुढं जाता येणार नाही. पण हे लोक तसं पळतच नाहीत, वाऱ्याला आडवं पळतात. सीताफळाची ओली बी दोन बोटांत दाबली की ती कोणत्याच बोटाकडं न जाता सुळकन पुढं निसटते, तसंच हे. एका बाजूनं वारा शिडाला रेटतो, दुसऱ्या बाजूनं खालच्या धारदार पोलादी पट्ट्या बर्फाला धरून ठेवतात, होडीला बाजूला सरकू देत नाहीत, मग वाट राहते एकच, पुढची.

आता खरी गंमत. वारा पडलेला असला तरी मोटारसायकलवर तोंडाला वारा लागतोच ना? होडीलाही खरा वारा आणि स्वतःच्या वेगाचा वारा असे दोन्ही मिळून लागतात आणि शीड त्या मिळालेल्या वाऱ्यावर चालतं. वेग वाढला की हा वारा वाढतो, वारा वाढला की ओढ वाढते, ओढ वाढली की परत वेग. हे कायम चालत नाही, कारण वेग वाढत जाईल तसा हा मिळालेला वारा जास्तच समोरून यायला लागतो, शीड अजून अजून आत ओढून धरावं लागतं आणि शेवटी ओढ आणि अडथळा बरोबरीत येतात. पाण्यातल्या होडीला ही वेळ लवकर येते, पाणी कापण्यातच तिची ताकद संपते. बर्फावर पोलादाला घर्षण जवळजवळ नसतंच म्हणून चारपट वगैरे जमतं. आणि तुमच्या शंकेचं सांगायचं तर वारा जिकडं चाललाय तिकडंच जायचं असलं तरी हे लोक नागमोडी जातात आणि त्याच वाऱ्यावर सोडलेल्या फुग्याच्या आधी पोचतात. अकरावीच्या पोरांना सदिशांची बेरीज शिकवताना मी हेच उदाहरण देतो, निम्म्यांना पटत नाही ती गोष्ट वेगळी.

लातूरचा_खवट
सर, फळ्यावर सगळंच पळतं. कुणी मोजलंय का नेमकं?

परभणी_ते_मिलवॉकी
मोजलंय की खवटभाऊ, हल्ली प्रत्येकाच्या खिशात जीपीएस आहे. जुन्या रेकॉर्डांवर वाद आहेत, १९३८ साली इकडच्याच विनेबागो तळ्यावर ताशी १४३ मैल गेले असं सांगतात पण ते आजच्यासारखं मोजलेलं नाही, म्हणून मी ते धरत नाही. पक्कं पाहिजे तर चाकाच्या गाडीचं घ्या. डिसेंबर २०२२ मध्ये न्यूझीलंडच्या टीमनं ऑस्ट्रेलियातल्या गेर्डनर नावाच्या कोरड्या मिठाच्या तळ्यावर शिडाची गाडी ताशी २२२.४ किलोमीटरनं पळवली, वारा साधारण चाळीसचा होता. त्याआधीचा २००९ चा रेकॉर्ड २०२.९ चा. म्हणजे वाऱ्याच्या पाचपट, आणि ते सुद्धा चाकांवर.

मामा, मी बरेच हिवाळे इकडंच आहे. रेस लावत नाही, मित्राची होडी उतरवू लागायला जातो आणि त्यानं दिली की एखादी चक्कर मारतो. भाचा बहुतेक डीएन चालवत असंल, हीच सगळ्यात जास्त चालते. डीएन म्हणजे डेट्रॉइट न्यूज, त्या पेपरच्या वर्कशॉपमध्ये १९३६-३७ च्या हिवाळ्यात हिचं डिझाइन झालं, साध्या माणसाला घरी बनवता यावी आणि गाडीच्या टपावर टाकून नेता यावी म्हणून. होडी म्हणायची पण शवपेटीएवढी रुंद, १२ फूट लांब, आडवी फळी ८ फूट, डोलकाठी १६ फूट, शीड ६० चौरस फूट. खाली तीन पट्ट्या, पुढचीनं वळवायचं. माणूस आत उताणा झोपतो, डोकं जरासं वर. ताशी ऐंशी तर सहज होतं आणि पाठ बर्फापासून वीतभर वर असल्यामुळं ते ऐंशी दीडशेसारखं वाटतं. ब्रेक नसतो बरं का, थांबायचं तर वाऱ्याकडं तोंड करायचं, पुढच्या पट्टीला जो असतो तो नुसता पार्किंगचा.

सीझनचं म्हणाल तर बाहेरच्याला वाटतं चार महिने बर्फच बर्फ, मजाच असंल. तसं काही नाही. ह्यांना पाहिजे तो ब्लॅक आइस, म्हणजे बिनबर्फवृष्टीचा, वारा पडलेल्या कडक थंडीत गोठलेला, काचेसारखा, खालचं काळं पाणी दिसतं असा. आधी लहान उथळ तळी गोठतात, मॅडिसनच्या मेंडोटासारखं खोल तळं उशिरा, तोवर ही मंडळी हवामानाचे नकाशे बघत आणि एकमेकांना मेसेज टाकत बसतात की अमक्या तळ्यावर चार इंच झालंय, सकाळी निघा. मग तीनशे-चारशे किलोमीटर गाडी हाणून पोचायचं आणि रात्री सहा इंच स्नो पडला की सगळं संपलं, परत पाऊस पडून वरचं वितळून गोठेपर्यंत गप बसा. मोठ्या रेसचं ठिकाण सुद्धा शेवटच्या काही दिवसांत ठरतं, बर्फ बघून. डीएनची वर्ल्ड चॅम्पियनशिप, गोल्ड कप म्हणतात तिला, एक वर्ष अमेरिकेत एक वर्ष युरोपात असते आणि तिकडं पोलंड, एस्टोनियाचे लोक लै भारी आहेत, पोलंडच्या कारोल याब्वोन्स्कीनं तर ती दहापेक्षा जास्त वेळा मारलीय. सुरुवात बघण्यासारखी असते. सगळे एका रेषेवर उभे, झेंडा पडला की खिळ्यांचे बूट घालून होडी ढकलत जीव खाऊन पळायचं आणि वेग आला की टुणकन आत उडी. मेंडोटाच्या गोठण्याच्या नोंदी १८५० च्या दशकापासून ठेवल्यात, त्यात बर्फाचे दिवस कमी कमी होत चाललेले दिसतात, इथले म्हातारे खेळाडू त्यावर तासभर बोलतात.

धोक्याचं स्पष्टच सांगतो. चांगला काळा बर्फ ४ इंच असला तर माणूस चालू शकतो, पांढरा असला तर त्याची ताकद निम्मीच धरायची. पण तळं सगळीकडं सारखं गोठत नाही, नदी येऊन मिळते तिथं, झऱ्यापाशी, पुलाखाली पातळ राहतं. आणि तळ्याच्या मधोमध बर्फ दाबानं फाटून वर उचलला जातो, त्या वरंब्याच्या कडेला उघडं पाणी असू शकतं, ऐंशीच्या वेगात ते दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून आधी पायी फिरून ड्रिलनं भोकं पाडून बघतात. एकट्यानं कधीच जायचं नाही. गळ्यात दोरीला बांधलेले दोन टोकदार आइस पिक पाहिजेतच, पडलो तर ते बर्फात रुतवून, पाय झाडत, पोटावर सरपटत बाहेर यायचं आणि ज्या बाजूनं आलो त्याच बाजूला, उभं न राहता लोळत जायचं. अंगात लाइफ जॅकेट, गाडीत कोरडे कपडे. पाण्यात पडण्यापेक्षा मला स्वतःला धडकेची भीती जास्त वाटते, दोन होड्या समोरासमोर आल्या तर वेगांची बेरीज होते. उजवीकडून वारा घेणाऱ्याला आधी वाट, हा नियम त्याला झोपेत विचारला तरी आला पाहिजे.

उदगीर_एक्सप्रेस
लै भारी माहिती भाऊ. मग चाकं लावून आपल्याकडं का नाही? २०१६ ला मांजरा धरण कोरडं ठाक पडलतं, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, तेव्हा मैदानच मैदान होतं की.

गोदाकाठ_पैठण
उदगीरभाऊ, कोरड्या धरणात कधी उतरलाव का? काळी माती वाळली की हातभर खोल भेगा पडतात, सायकलचं चाक जाऊन बसतं त्यात. ऑस्ट्रेलियातलं तळं मिठाचं आहे, सपाट आणि कडक. इकडं नाथसागरात पाणी हटलं की लोक गाळपेराला लागतात, त्या हरभऱ्यातून शिडाची गाडी घातली तर शेतकरी वाऱ्याच्या दहापट वेगानं मागं लागंल.

लातूरचा_खवट
त्यापेक्षा लडाखला जावा. पँगाँग खारं असून हिवाळ्यात गोठतं, फेब्रुवारी २०२३ ला त्यावर २१ किलोमीटरची हाफ मॅरेथॉन झालती. पण ते जवळजवळ १४ हजार फुटांवर, हवा विरळ म्हणजे शिडाला रेटणारी हवाच कमी, होडी ढकलत पळताना तुमचा दम निघंल ते वेगळं.

नांदेडचा_मामा
सगळ्यांचे आभार, सर तुमचा सीताफळाचा हिशोब एका झटक्यात डोक्यात बसला. भाच्याला आता फोन करून उलटतपासणी घेतली. ड्रिल ग्रुपमधल्या एकाकडं आहे, एकटा जात नाही म्हणतो, आइस पिक मात्र घेतलेले नाहीत, ते आजच मागव म्हणलं. हेल्मेट सायकलचं वापरायलाय. चालतं का?

परभणी_ते_मिलवॉकी
नाही चालत मामा. सायकलचं मागून आणि कानापाशी उघडं असतं, तो उताणा झोपलेला असणार, डोकं मागं आपटतं. स्कीचं घ्यायला सांगा, कान झाकणारं, वर गॉगल, बर्फाचे बारीक कण डोळ्यात टाचणीसारखे घुसतात. आणि ताईला सांगायचं तर खुशाल सांगा, फक्त रेसचा व्हिडिओ दाखवू नका.