४ इंची ग्राइंडरवर ५ इंची व्हील बसवलं तर चालतं का? व्हील सारखी फुटताहेत

साइट_सुपरवायझर:
साइटवर ११,००० आरपीएमचे (मिनिटाला ११,००० फेरे) ४ इंची ग्राइंडर आहेत. सळई कापणारे कामगार गार्ड (व्हीलवरचं संरक्षक झाकण) काढून ५ इंची कटिंग व्हील लावतात, जास्त पुरतं म्हणून. पण मध्येच व्हील फुटून तुकडे उडतात. माल हलका की बसवण्यात चूक?

मशीन_रिपेअर:
चूक बसवण्यातच आहे. ४ इंची व्हीलचं भोक १६ मिमी, ५ इंचीचं २२. चारही बाजूंनी ३ मिमी फट राहते. वायर गुंडाळली किंवा वॉशर घातला तरी व्हील मध्यावर बसत नाही. मशीन थरथरतं आणि भोकापाशी तडा जातो. ५ इंचीवर साधारण १२,२०० आरपीएम छापलेलं असतं, म्हणून वेग चालून जातो आणि तिथेच माणूस फसतो. ७ इंचीची मर्यादा फक्त ८,५००. ते ११,००० वर फिरवलं तर कडेचा वेग सेकंदाला १०० मीटरच्या वर जातो. व्हील ८० साठी बनवलेलं असतं. ते साइटवर दिसलं तर लगेच काढून घ्या.

पातळ कटिंग व्हील आडवं घासून सळईचं टोक साफ करू देऊ नका, बाजूचा दाब त्याला सोसत नाही. त्यासाठी ६ मिमीचं ग्राइंडिंग व्हील. मधल्या धातूच्या कडीवर मुदत छापलेली असते, ती बघा. भिजलेली व्हील फेकून द्या. नवीन लावलं की समोर कुणी नसताना मिनिटभर रिकामं फिरवा.

फिटर_नाशिक:
झटक्याचंही बघा. सळईची दोन्ही टोकं विटांवर ठेवून मध्ये कापली की सळई खाली वाकते, काप मिटतो, व्हील चेपतं आणि मशीन उसळतं. टेकू कापाजवळ द्या, तुटणारा भाग मोकळा लोंबू द्या. बाजूची मूठ लावलेलीच हवी. लाकूड कापायचं दातेरी पातं ग्राइंडरवर कधीच नको.

साइट_सुपरवायझर:
कॉलमच्या उभ्या सळया कापताना?

फिटर_नाशिक:
वरचा तुकडा लांब असेल तर दुसऱ्याने तो किंचित मागे ओढून धरावा, काप उघडा राहतो. त्याने व्हीलच्या रेषेत उभं राहू नये. गमछा गळ्यात नको. गॉगलवर फेस शील्डही हवीच.

प्रथमोपचार_प्रशिक्षक:
डोळ्यात कण रुतला तर चोळू नका, काढू नका. कागदी कप उपडा ठेवून चिकटवा आणि थेट नेत्रविभागात न्या. बोट तुटलं तर जखम दाबून धरा. तुटलेला भाग ओल्या स्वच्छ कापडात, मग बंद पिशवीत, आणि ती पिशवी बर्फात. बर्फ थेट लागला तर बोट जोडता येणं अवघड होतं.