फ्लॉइड रोज : नट लॉक करूनही सूर टिकत नाही, काय करू?

नवा_गिटारवाला :
भाऊ लोकहो, फेब्रुवारीत फ्लॉइड रोजवाली (म्हणजे बार दाबून सूर खाली-वर करायचा, तारा लॉक होणारा ब्रिज असलेली) सेकंडहँड गिटार घेतली. तेव्हा ९-४२ च्या (तारांची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) तारा होत्या, मस्त चालत होती. मागच्या आठवड्यात दुकानातून १०-४६ चा सेट टाकून घेतला अन् तेव्हापासून डोकं फिरून राहिलं. ब्रिजची मागची बाजू वर उचलली गेलीय, सहावी लावली की पहिली उतरते, पहिली चढवली की सहावी उतरते, अर्धा तास हेच. कसंबसं जुळवून नट (मानेच्या वरच्या टोकाची, तारा धरणारी पट्टी) लॉक केला तरी बार एकदा दाबला की परत बेसूर. दुकानवाला म्हणतो गिटारच खराब आहे. शनिवारी धरमपेठेत प्रोग्राम आहे, लवकर सांगा प्लीज.

जुनी_स्प्रिंग :
बाबू, गिटार खराब आहे हे आधी मनातून काढ. हा ब्रिज दोन स्टडवर नुसता धारेवर टेकलेला असतो, पुढून सहा तारा ओढतात, मागून पोटातल्या स्प्रिंगा ओढतात, अन् दोन्ही ओढ बरोबरीत आली की तो बॉडीला समांतर उभा राहतो. नेहमीच्या साडेपंचवीस इंची स्केलवर ९ च्या सेटची एकूण ओढ साधारण ३८ किलो, १० ची ४७ च्या आसपास. म्हणजे तारांकडून आठ-नऊ किलो वाढले अन् स्प्रिंगा तेवढ्याच राहिल्या, मग ब्रिज उचलणारच न! एक तार पिळली की बाकीच्या पाच उतरतात तेही ह्याच्यामुळेच.

मागचं प्लास्टिकचं झाकण काढ, स्प्रिंगा जिथं अडकवल्यात त्या क्लॉचे दोन लांब स्क्रू दिसतील. नटचे लॉक सैल कर, फाइन ट्यूनर (ब्रिजवरचे बारीक फरकाचे स्क्रू) मधोमध आण, वरच्या खुंट्यांवरून सहाही तारा लाव. मग दोन्ही स्क्रू अर्धा-अर्धा फेरा आत घे, परत सगळ्या तारा लाव, परत पाहा. असं चार-पाचदा करावं लागतं, घाई करू नको. क्लॉ पार लाकडाला टेकला तरी ब्रिज खाली येत नसेल तर एक स्प्रिंग वाढव. ब्रिज सपाट झाला अन् सूरही जुळला, मगच ॲलन कीनं नट आवळ, त्याच्यानंतर वरच्या खुंट्यांना हात नाही, फक्त फाइन ट्यूनर.

अन् लॉक म्हणजे काय ते समजून घे, लॉक सूर लावत नाही, लावलेला सूर धरून ठेवते. तार नटमध्ये घासून सरकते अन् परत जागेवर येत नाही, हा साध्या ट्रेमोलोचा (बारवाल्या ब्रिजचा) जुना त्रास, त्याच्यावर फ्लॉइड रोज नावाच्या माणसानं सत्तरच्या दशकात हा उपाय काढला, १९७९ मध्ये पेटंट मिळालं. सुरुवातीच्या ब्रिजवर फाइन ट्यूनर नव्हतेच, जराशा फरकासाठीही नट उघडावा लागे, ते ट्यूनर मागून आले.

बर्डी_बेस :
वरचं सगळं बरोबर आहे. माझी एक सोपी पद्धत, ब्रिज सपाट धरून मागच्या पोकळीत ब्लॉक (ब्रिजखालचा, स्प्रिंगा अडकवलेला धातूचा ठोकळा) अन् लाकडाच्या मधल्या फटीत चपखल बसेल असा लाकडी तुकडा अडकव, म्हणजे ब्रिज पुढं झुकतच नाही, तारा एका दमात लागतात. मग तुकडा आपोआप सैल होईपर्यंत क्लॉ आवळायचा. अन् नव्या तारा हातानं चांगल्या ताणून घेतल्या का? नट आवळायच्या आधी तेवढं केलंच पाहिजे.

खसची_ताटी :
गिटार कूलरसमोर तर ठेवत नाही ना? मे महिन्यात आपल्याकडं ४५ च्या वर पारा, बाहेरून आणलेली तापलेली गिटार कूलरच्या गार हवेत उघडली की तारा आखडून सूर चढतो, लॉक काही करू शकत नाही. वीस मिनिटं बॅगेतच राहू दे, मग लाव. शिवाय ती ओली हवा सॅडलचे (ब्रिजवर एकेक तार धरणाऱ्या तुकड्यांचे) स्क्रू गंजवते, माझा एक असाच जाम झाला होता.

नवा_गिटारवाला :
काल रात्री बसलो. क्लॉ पार टेकला तरी ब्रिज वरच होता, शेवटी चौथी स्प्रिंग घातली, मग क्लॉ थोडा सैल केला अन् मावशीच्या शिवणाच्या खोक्यातली लाकडी रीळ कापून तुकडा अडकवला. रीळ सुटून पडली तेव्हा ब्रिज एकदम सपाट! बार पार तारा लोंबेपर्यंत दाबला, सोडला, सहाही जागेवर. तिसरी किंचित उतरते अजून, फाइन ट्यूनरनं धकून जाते. अन् हो, गिटार कूलरच्या खिडकीलाच टांगलेली होती, आता आतल्या खोलीत नेली.

जुनी_स्प्रिंग :
तिसरीच्या सॅडलमधला ठोकळा नीट आवळला का पाहा, तिथून तार सरकत असेल. जोर लावू नको पण, आटे जातात.