जॅपनीज मेपलची पानं करपतायत, काय करू?

एडिसनकर: मंडळी, मदत हवीये. न्यू जर्सीत राहतो, मे महिन्यात घरासमोर जॅपनीज मेपल लावला, ब्लडगुड जातीचा, लाल पानांचा, चारेक फुटी. महिनाभर असा झकास दिसत होता की बायको रोज फोटो काढून नाशिकला पाठवायची. आता जुलैत पानांच्या कडा तपकिरी पडल्यात, हात लावला की पापडासारखा चुरा. पाणी रोज आहे, स्प्रिंकलर सकाळी १० मिनिटं. तरी कमी पडतंय वाटून परवा लॉनचं खत पण मूठभर टाकलं. आणि गंमत म्हणजे खाली बुंध्यातून एक हिरव्या पानांची फांदी फुटलीय, ती मात्र एकदम टवटवीत! घर पश्चिममुखी, दुपारी २ नंतरचं सगळं ऊन त्याच्यावरच.

मातीतले हात: खत आधी बंद. त्यात तणनाशक मिसळलेलं असेल तर पाकीट बघा, ते मेपललाही बाधतं. आजारी पोराला कोणी बासुंदी देतं का? हे उन्हाने करपणं आहे, मुळं अजून कुंडीतल्या गोळ्याएवढ्याच जागेत आहेत, बाजूची माती ओली दिसते पण तो गोळा आतून कोरडा. १० मिनिटांत वरचा इंचभर भिजतो फक्त. होज बुंध्यापाशी बारीक धारेवर सोडा, अर्धा तास, आठवड्यातून दोन-तीनदा, पण आधी बोट खुपसून बघायचं, ओलं लागलं तर नाही घालायचं, चिखलातही मुळं सडतात. करपलेली पानं परत लाल होणार नाहीत, ती राहू देत.

आजीची बाग: ती हिरवी फांदी आजच मुळापासून काढा!! ब्लडगुड कलम करून विकतात, खालचं खुंट साध्या हिरव्या मेपलचं असतं. आपल्याकडे हापूसच्या कलमाला खालून रायवळ फुटतो तसंच, ठेवलं तर जोरात तेच वाढतं. आणि मल्च, म्हणजे बुंध्याभोवती मातीवर पसरलेला सालीच्या तुकड्यांचा थर, किती आहे?

एडिसनकर: मल्च लावणाऱ्या माणसानेच घातलाय, बुंध्याभोवती छान ढीग केलाय, सहा-सात इंच.

आजीची बाग: छान नाही हो ते! साल कुजते. दोन-तीन इंचच हवा आणि बुंध्यापासून चार बोटं लांब. हाताने उकरा, बुंधा खाली रुंद होऊन मुळं सुरू होतात ती जागा दिसली पाहिजे.

एडिसनकर: आत्ता उकरून आलो. मल्च काढून वर आणखी तीन इंच माती काढली तेव्हा कुठे ती जागा दिसली, आणि एक बारीक मूळ बुंध्याला गुंडाळल्यासारखं आहे. जागाच बदलू का, पूर्वेला?

मातीतले हात: आत्ता अजिबात नको, या उन्हात हलवलंत तर जाईलच. बारीक मूळ कात्रीने कापून टाका, दुपारी शेड नेट धरा. पानं गळली की नोव्हेंबरात हलवा, जमीन गोठायच्या आत, आणि या वेळी उंच लावा, म्हणजे मुळं सुरू होतात ती जागा मातीत गाडली जाणार नाही.

पुणेरी: पुण्यात येईल का हो हा?

आजीची बाग: नाही. त्याला हिवाळ्यात कडक थंडीत झोपावं लागतं.