नासी कुनिंग : तळाला करपते, वर कणी राहते, परवापर्यंत मदत हवी आहे

दक्षिणवारा
मी इंडोनेशियात, योग्याकार्तात राहते. परवा, १६ ऑगस्टच्या रात्री, आमच्या गल्लीत इथल्या, म्हणजे १७ ऑगस्टच्या, स्वातंत्र्यदिनाच्या पूर्वसंध्येची तिराकातान, म्हणजे शेजाऱ्यांची रात्रीची बैठक, आहे. तिथल्या तुम्पंगसाठी, म्हणजे शंकूच्या आकारात रचलेल्या भातासाठी, लागणारा पिवळा भात, म्हणजे नासी कुनिंग, करण्याचे काम मी स्वतःहून मागून घेतले आहे. आज सरावासाठी एक किलोचा भात केला, तर तळाला जाड खरपुडी धरली, वरच्या दाण्यांत कणी राहिली आणि रंग कुठे गडद, कुठे पांढरट आला. साच्यातून काढलेला शंकू ताटात ठेवताच ढासळला. साहित्य सगळे नेहमीचेच होते. कृपया लवकर सांगावे, कारण उद्या सकाळी बाजार करायचा आहे.

पाटावरवंटा
ताई, नेहमीचे म्हणजे काय, हे लिहिल्याशिवाय कोणीही नेमके सांगू शकणार नाही. तांदूळ कोणता, भांडे कोणते, नारळाचे दूध घरी काढलेले की पाकिटातले, आणि त्यात पाणी किती घातले?

शिट्टी_तीन
मी गेली बारा वर्षे नारळीभात प्रेशर कुकरमध्येच करतो आणि तो कधी बिघडलेला नाही. तीन शिट्ट्या करून गॅस बंद करावा. रंग खुलवण्यासाठी हळदीबरोबर चिमूटभर खायचा सोडा घालावा.

पाटावरवंटा
सोडा मुळीच घालू नये. हळद अल्कधर्मी पदार्थाच्या संगतीत लाल होते. हळदीला चुन्याची जोड देऊन कुंकू करतात ते याच गुणावर. भात पिवळा राहायला हवा असेल तर उलट चमचाभर लिंबाचा रस घालावा.

शिट्टी_तीन
चिमूटभर सोड्याने कुंकू होत नाही. मी अनुभवाने लिहितो आहे.

प्रवासी_पक्षी
आम्ही बालीला गेलो होतो तेव्हा तिथल्या आचाऱ्याने मला सांगितले की भात आदल्या दिवशीचा, गार आणि मोकळा असावा. मग मोठ्या आचेवर कांदा, लसूण आणि मिरची परतून त्यात तो भात, केचाप मानिस नावाचा गोडसर दाट सोया सॉस आणि थोडे त्रासी, म्हणजे कोळंबीचा आंबवलेला गोळा, घालावा आणि वर तळलेले अंडे ठेवावे. घरी सर्वांना फार आवडतो.

दक्षिणवारा
तो नासी गोरेंग, म्हणजे परतलेला भात. माझा प्रश्न त्याबद्दल नाही. राहिलेला तपशील देते. तांदूळ भारतातून आणलेला बासमती, भांडे विजेचा राइस कुकर. नारळाचे दूध पाकिटातले, २०० मिलिलिटरची पाच पाकिटे, त्यात पाणी नाही. हळदपूड वरून भुरभुरली. सालाम नावाच्या इथल्या झाडाची पाने संपली होती म्हणून तमालपत्र घातले.

तुळसकट्टा
शेजारणीला का विचारत नाही? तिथल्या बायकांना हे हातचे असणार.

दक्षिणवारा
विचारले. दोघींनीही ‘किरा-किरा साजा’, म्हणजे अंदाजाने घ्यायचे, एवढेच सांगितले. त्यांचा अंदाज माझ्या हाताला अजून आलेला नाही.

गूळखोबरे
मी सुराबायात सहा वर्षे होतो, म्हणून सविस्तर लिहितो. मुख्य चूक दुधाची आहे. पाकिटातले सांतान, म्हणजे नारळाचे दूध, दाट असते आणि ते पाणी घालून वापरायचे असते. राइस कुकर तळाचे तापमान पाहतो. पाणी संपून तळ शंभर अंशांच्या वर गेला की तो थांबतो. दाट दूध तळाला धरले की तळ लवकर तापतो, भात शिजला असे समजून कुकर बंद पडतो आणि वरचे दाणे कच्चे राहतात. म्हणून पारंपरिक पद्धतीने दोन टप्प्यांत करा. अर्धा किलो तांदळाला एक २०० मिलिलिटरचे पाकीट आणि ४०० मिलिलिटर पाणी घ्या. त्यात चमचाभर हळद आधीच नीट कालवा. मीठ, ठेचलेल्या गवती चहाच्या दोन कांड्या, लेंकुआस या आल्यासारख्या कंदाचा तुकडा, पांदान या सुवासिक वनस्पतीचे एक पान आणि दोन-तीन सालामची पाने घाला. मंद आचेवर सतत ढवळत उकळी आणा, नाहीतर दूध फाटते. मग धुतलेला तांदूळ घालून रस आटेपर्यंत शिजवा. या अर्धकच्च्या भाताला आरोन म्हणतात. तो दांडांगमध्ये, म्हणजे वाफेच्या भांड्यात, पंचवीस-तीस मिनिटे वाफवा. सालामला तमालपत्र हा पर्याय नव्हे. सालाम हे जांभळाच्या कुळातले झाड आहे आणि त्याच्या पानांचा वास सौम्य असतो. बासमतीचा शंकू उभा राहत नाही. स्थानिक तांदूळ घ्या आणि त्यात दहावा हिस्सा केतान, म्हणजे चिकट तांदूळ, मिसळा.

पाटावरवंटा
केतानबद्दल माझे मत वेगळे आहे. त्याने भात चिकट होतो आणि दाण्याचे सौंदर्य जाते. स्थानिक तांदूळ गरम असतानाच साच्यात दाबून भरला तर तेवढे पुरते.

गूळखोबरे
घरच्या ताटासाठी तुमचे बरोबर आहे. तुम्पंग मात्र तासभर सर्वांसमोर उभा राहायचा असतो.

तुळसकट्टा
इंडोनेशियातल्याच मानादो शहरात हाच भात वोका नावाच्या ताडाच्या पानात बांधतात आणि चाकालांग माशाबरोबर खातात असे वाचले होते. तिथे शंकूचा प्रश्नच येत नाही.

दक्षिणवारा
आज सकाळी अर्ध्या किलोचा पुन्हा करून पाहिला. तांदूळ स्थानिक, केतान फक्त दोन चमचे, आणि चमचाभर लिंबाचा रस. आरोन करताना दूध फाटले नाही. वाफवलेला दाणा बोटांत दाबला तर आत कणी लागली नाही, तरी तो अख्खाच राहिला, आणि रंग सगळीकडे सारखा आला. साच्याला आतून तेलाचा हात लावून, केळीचे पान घालून भात दाबून भरला. शंकू पाऊण तास उभा होता, नंतर टोकाला चीर गेली. आता एवढेच सांगावे की दोन किलोचा करताना वाफवणे दोन खेपांत करावे की एकाच खेपेत? माझे दांडांग मध्यम आकाराचे आहे.

गूळखोबरे
दोन खेपांतच करा. पहिल्या खेपेचा भात झाकून गरम ठेवा आणि दोन्ही एकदमच साच्यात भरा. गार भातावर गरम भात बसला की तिथेच चीर जाते.