उपद्रवी तणांसाठी कायदा कशाला?

रानवाट : तण प्रत्येक शेतात असतेच, आणि ते काढायचे की ठेवायचे हे जमीनमालकाने ठरवावे, अशी माझी समजूत होती. परंतु काही मोजक्या वनस्पतींना 'उपद्रवी तण' म्हणून जाहीर करून त्यांच्या बियांची आयात, विक्री आणि वाहतूक यांवर बंदी घातली जाते. लव्हाळ्याचा त्रास काही कमी नाही. मग ही निवड कोणत्या आधारावर होते?

बीजपारखी : त्रास किती, याइतकेच ते तण अजून कोठे पोहोचलेले नाही आणि त्याची वाट अडवता येईल का, हे पाहिले जाते. लव्हाळा बहुतेक उष्ण प्रदेशांत केव्हाच पसरला आहे. अमरवेलीचे तसे नाही. ती यजमान झाडाचा रस शोषून जगते, आणि तिचे बी लसूणघासाच्या बियांत मिसळले, तर आकार जवळपास सारखाच असल्याने चाळणीने वेगळे निघत नाही. म्हणून त्या बियांना बारीक लोहभुकटी चोळतात. अमरवेलीच्या खरबरीत दाण्यांना ती चिकटते, लसूणघासाच्या गुळगुळीत दाण्यांवरून निसटते, आणि चुंबकीय पिंपावरून बी सोडले की अमरवेल बाजूला काढता येते. एवढे करूनही सुटलेले दाणे मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात. नियमांचा रोख शेतापेक्षा बियांच्या पोत्यावर अधिक असतो, तो यामुळेच.

रानवाट : हे पटले. तरीही स्वतःच्या बांधाआड उगवलेल्या झाडासाठी दंड का व्हावा?

पाणथळ : गाजरगवताचे एक झाड १५,००० ते २५,००० बिया टाकू शकते, आणि त्या वाऱ्याने, पाण्याने, अवजारांना लागलेल्या चिखलाने शेजारच्या शेतात जातात. एकाच्या दुर्लक्षाची किंमत दुसऱ्याने मोजायची, हा खरा आक्षेप आहे. त्यामुळे झाड फुलोऱ्यावर येण्याआधी उपटण्याची सक्ती मला जाचक वाटत नाही.

बीजपारखी : एक भर घालतो. धोका नेहमी चोरपावलांनीच येतो असे नाही. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतील. तिच्या जांभळट फुलांच्या मोहाने लोकांनीच ती जगभर नेली. युरोपीय संघाने २०१६ मध्ये तिला बंदीच्या यादीत घातले, तर अमेरिकेत उपद्रवी तणांचा केंद्रीय कायदा १९७४ मध्येच झाला होता. यादीत नाव येईपर्यंत तलाव झाकलेला असतो, हा या पद्धतीतला दोष मात्र मान्य करावा लागेल. नव्या शोभेच्या वनस्पती विक्रीला येण्याआधीच तपासल्या, तर तो बराच कमी होईल.